शेवटचा अर्धा फेरा

लखनौ शहरात जी माणसं पलंग न मोडता सुखाने झोपतात, त्यांतल्या निम्म्यांनी आमच्या साडूंचे पाय धुऊन पाणी प्यायला हवं, असं खुद्द साडूंचं प्रामाणिक मत होतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हवाई दलात विमानांचे स्क्रू आवळण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर ते इथेच राहिले आणि खोक्यांतून सुटं येणारं फर्निचर घरोघरी जाऊन जोडू लागले. "विमान पडलं नाही, तिथे तुमचं कपाट काय पडतंय!" हे त्यांचं पेटंट वाक्य.

गिऱ्हाइकाकडे गेले की आधी स्टीलचं ताट मागायचे. पाहुणे जेवणार असं वाटून घरातली बाई पराठे लाटायला धावायची, आणि साडू त्या ताटात स्क्रू ओतून जातवार मांडून बसायचे. खोक्यातला सूचनांचा कागद त्यांनी कधी वाचला नाही. विकास नगरला आमच्याकडे कपाट आलं, तेव्हा तो कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही एम. ए. आहात, तुम्ही वाचा. फक्त मोठ्याने नको." त्याआधी मी स्वतः जोडलेल्या शेल्फची पाठ पुढे आली होती, त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं. स्क्रू ड्रायव्हरला तर ते मला हातच लावू द्यायचे नाहीत. स्क्रू आवळायच्या मशीनचाही त्यांना तिटकारा. सगळे स्क्रू आधी बोटांनी ढिलेच बसवायचे, मग चौकट काटकोनात धरून एकेक आवळायचा. "ही भुशाची फळी आहे. शेवटचा अर्धा फेरा बोटांना विचारून द्यायचा. जास्त झाला की भोक मोठं होतं, आणि मग स्क्रू रिटायर्ड माणसासारखा नुसता गरगर फिरतो, धरत कशालाच नाही."

पुढे मधुमेहाने त्यांची बोटं बधिर केली. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. मला कळलं गेल्या हिवाळ्यात, "आज जरा हेल्पर म्हणून चला," असं ते म्हणाले तेव्हा. मला! वाटेत म्हणाले, "दोन तक्रारी झाल्यात. तिसरी आली की फर्निचरची कंपनी यादीतून माझं नाव काढून टाकणार. मी आवळतो. तुम्ही हात लावून ठेवा आणि कधी थांबायचं ते सांगा."

सरोजिनी नगरात जुळ्या पोरांसाठी दुमजली पलंग जोडायचा होता. पूजेला बसल्यावर बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते, तसा मी त्यांच्या हाताला हात लावला. एकदा फार लवकर "थांबा" म्हणालो, नंतर फार उशिरा. वरच्या मजल्याचे दोन स्क्रू गरगर फिरू लागले. तेवढ्यात पोरांची आई दारात आली.

"अंकल, बच्चे इस पर सोएँगे. पक्का है न?"

मी "हाँ जी, बिल्कुल" म्हणून मोकळा होणार होतो. साडूंनी पलंगाला हलकासा धक्का दिला आणि फळीला कान लावला.

"नहीं बेटा. अभी मत सुलाना. किसी और को बुलवा लो. और शिकायत में मेरा नाम लिख देना."

मग आडनाव तिने चुकीचं लिहू नये म्हणून एकेक अक्षर सावकाश सांगितलं.

येताना स्कूटर मी चालवली. ते मागे बसले होते, हात माझ्या खांद्यावर ठेवून. आपण किती घट्ट धरलंय, याची त्यांना कल्पना नव्हती. खांदा ठणकत होता. मी घर येईपर्यंत तसाच चालवत राहिलो.