बसलं म्हणजे बरोबर

कारेगावच्या भाड्याच्या खोलीत शाहिस्ता नवा कॉम्प्युटर जोडत होती. तिचा धाकटा भाऊ शाकीर लग्नांचं शूटिंग करायचा आणि एडिटिंगला बसला की जुना कॉम्प्युटर धापा टाकायचा. नवी कॅबिनेट आतले कप्पे हवे तसे हलवता येणारी, ऐसपैस होती. जोडणीचं काम शाकीरने बहिणीवरच सोपवलं. ती रांजणगावच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायची.

तिच्या लाइनवर एक शब्द चालायचा : बसलं. तिथली सॉकेटं अशी घडवलेली की चुकीची पिन आत शिरतच नाही. बसलं म्हणजे बरोबर, असं ती नव्या पोरींना सांगायची.

कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या नव्या पॉवर सप्लायच्या वायरी सुट्या मिळाल्या होत्या. त्यातली, शाकीरचं शूटिंग साठवलेल्या हार्ड डिस्कची वायर आखूड पडली, म्हणून तिने जुन्या सप्लायची लांब वायर घेतली. एक टोक डिस्कला, दुसरं नव्या सप्लायला. टक् असा आवाज आला. बसलं.

बटण दाबताच डिस्कमधून जळका वास आला.

सॉकेट सारखं दिसलं तरी प्रत्येक सप्लायची आतली जोडणी निराळी असते, असं दुकानदाराने नंतर सांगितलं. डिस्कवर निमोणे गावातल्या लग्नाचं अख्खं शूटिंग होतं. कॅमेऱ्यातली कार्डं शाकीरने पुढच्या लग्नासाठी पुसून टाकली होती. पुण्यात डिस्क दुरुस्त करणाऱ्यांनीही हात वर केले.

शाकीर भांडला नाही. नवरीच्या वडिलांना, भिमाजी आबांना, काय सांगायचं एवढंच त्याने विचारलं. मग शाहिस्तानेच फोन लावला.

"आबा, शूटिंग जळालं. चूक माझी हाय, शाकीरची न्हाई."

"म्हंजी, थोडंबी न्हाई राहिलं?"

"न्हाई."

"मंग काय, पोरीला माघारी आणून परत हळद लावू?"

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. आबांच्या पत्नी सारजाबाई लांबूनच म्हणाल्या, "शूटिंगवाल्याचा फोन हाय का? कॅसेट कवा देतूय, इचारा की. विहीणबाई रोज मागं लागल्यात."

आबांनी फोन ठेवला नाही.

"हिला तूच सांग," ते म्हणाले, आणि फोन दुसऱ्या हातात गेल्याची खरखर शाहिस्ताला ऐकू आली.