बाबांची लाँग केस

एम.डी. मेडिसिनची परीक्षा जवळ आली की भोपाळच्या आमच्या मेडिकल कॉलेजात सीनियर अभ्यासाला बसतात आणि ज्युनियर पेशंट गोळा करायला निघतात. या परीक्षेला खरे आजारी लागतात. छातीत ठळक आवाज हवा किंवा पोटात हाताला लागणारी प्लीहा, आणि तरी दिवसभर बसून राहण्याची ताकद हवी. मी दुसऱ्या वर्षाला होते. विदिशाहून येणाऱ्या हृदयाच्या पेशंट बाई ऐनवेळी नातीच्या सगाईला निघून गेल्या. विभागप्रमुख मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हारे पापा का मर्मर तो बढ़िया है ना?"

मर्मर म्हणजे छातीतला तो ठळक आवाज. मी हो म्हणाले. रेसिडेंट लोक मॅडमना नाही म्हणत नाहीत.

बाबांच्या हृदयाची एक झडप अरुंद होत चालली आहे, हे मागच्या वर्षी कळलं होतं. उपाय म्हणजे झडप बदलणं, पण त्रास सुरू होईपर्यंत थांबायचं असं ठरलं होतं. त्रास म्हणजे तीन गोष्टी: चालताना धाप, छातीत दुखणं, चक्कर. यातली एक जरी सुरू झाली की थांबणं संपलं. त्यामुळे ड्यूटीवरून घरी आले की चपला काढायच्या आधी मी विचारायची, "धाप? दुखतंय? चक्कर?" बाबा पेपरमागून म्हणायचे, "काही नाही. ठणठणीत." मग मी जेवायची. ते "काही नाही" ऐकल्याशिवाय मला घास उतरत नव्हता. आई म्हणायची, तू डॉक्टर झालीस आणि घराचा वॉर्ड झाला.

बाबांना मात्र परीक्षेचं आमंत्रण म्हणजे मानाचं पान वाटलं. नागपूरहून ते भोपाळला आले आणि निवृत्त होईपर्यंत गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात तपासणी खात्यात राहिले. दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातली खोट काढणं हा त्यांचा धंदा. आदल्या दिवशी त्यांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली. मी त्यांना बजावलं, "माझे वडील आहात हे सांगायचं नाही. आजाराचं नाव सांगायचं नाही. मुलगा विचारेल तेवढ्याचं उत्तर द्यायचं."

"खरं द्यायचं ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय? अर्थात खरं."

परीक्षेच्या दिवशी बाबांना लाँग केस म्हणून ठेवलं. लाँग केस म्हणजे परीक्षार्थीने पेशंटशी सविस्तर बोलायचं, त्याला तपासायचं आणि मग परीक्षकांसमोर सगळं मांडायचं. त्यांच्या वाट्याला आला माझा सीनियर, रीव्याचा, हुशार पण घाबरट. हे माझे वडील आहेत हे त्याला माहीत नव्हतं. मी पडद्याच्या अलीकडे ट्रेमध्ये गुडघा तपासायची छोटी हातोडी आणि टॉर्च घेऊन उभी होते.

"बाबूजी, क्या तकलीफ़ है?"

मी मनात म्हटलं, काही नाही. ठणठणीत.

"सीढ़ी चढ़ने में साँस फूलती है," बाबा म्हणाले. "तीन महीने से. पहले दूसरी मंज़िल पर, अब पहली पर ही."

"और?" सीनियरने विचारलं आणि तो गप्प बसला. मॅडमनी आम्हाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवलंय: "और" विचारा आणि तोंड बंद ठेवा. मला कधी जमलं नाही ते.

"एक बार सब्ज़ी लेकर आ रहा था, आँखों के आगे अँधेरा आ गया. दीवार पकड़कर बैठ गया. घर पर नहीं बताया."

मला पडदा ओढून आत जावंसं वाटत होतं, पण परीक्षा चालू होती आणि मी कोणीच नव्हते.

थोड्या वेळाने परीक्षक आले. सीनियरने केस सुरेख मांडली. झडपेचा आजार, आता लक्षणं सुरू झालेली. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, ऑपरेशन केलं नाही तर पेशंटचं पुढे काय? तो क्षणभर अडखळला, मग बोलला. जेवढी वर्षं त्याने सांगितली ती एका हाताच्या बोटांत मावत होती. परीक्षकांना वाटलं, पेशंटला इंग्रजी कळत नाही. बाबांनी जन्मभर इंग्रजीत तपासणी अहवाल लिहिले होते. ते शर्टाची बटणं उघडी ठेवून छताकडे बघत पडले होते.

घरी जाताना मी रागातच ऑटोत बसले. बाबांनीच विचारलं, "पास होईल ना पोरगा?"

"होईल," मी म्हणाले. "मला का नाही सांगितलंत?"

"त्याची परीक्षा होती, बेटा. मी खोटं सांगितलं असतं तर त्याचं निदान चुकलं असतं. त्याच्या तीन वर्षांचा सत्यानाश."

"आणि मी रोज विचारत होते ते?"

सिग्नल सुटला, पुढची बस हलली.

"तू विचारतेस तेव्हा तुझा चेहरा बघितलाय कधी आरशात? तुला 'नाही' ऐकायचं असतं. मग मी 'नाही' म्हणतो. तू जेवतेस तरी."

ते बरोबर होतं. माझ्या भीतीला ते रोज एक 'नाही' वाढत होते, आणि मी ते जेवून झोपत होते.

घरी आल्यावर आईने विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, सांगते, आधी बसा दोघंही. आई भाजी चिरायची सोडून आली. बाबा त्यांच्या खुर्चीत बसले. मी स्टेथोस्कोप पर्समध्येच राहू दिला, आणि समोर स्टूल घेऊन बसले.

"बाबूजी," मी म्हणाले, "क्या तकलीफ़ है?"

आई माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. बाबा हसले नाहीत. खुर्चीत नीट बसले आणि पुन्हा सगळं सांगितलं, जिन्याचं, अंधारीचं, भिंत धरून बसल्याचं. आईने पदर तोंडाला लावला.

"और?" मी विचारलं, आणि कसंबसं तोंड बंद ठेवलं. भाजीवाल्याची हाक गल्लीतून गेली.

"भीती वाटते गं," बाबा मराठीत म्हणाले. "ऑपरेशनची नाही. भूल दिल्यावर उठलोच नाही तर, याची."

आता डॉक्टरने पेशंटला धीर द्यायचा असतो. मला सगळी वाक्यं पाठ होती.

"मलाही वाटते," मी म्हणाले. परीक्षेत असं उत्तर देणाऱ्याला नापास करतात.