तेलाला घोंगडं

आम्ही जुने सोबती जमलो की एक किस्सा दुसऱ्याला हाताला धरून आणतो. कारखान्याचं नाव निघालं की समोरचा चहा गार झालाच म्हणून समजा. नव्वदच्या दशकात सांगलीजवळ आम्ही तेलाची पावडर करत होतो. हो, तेलाची!

डिंक आणि दुधाची पावडर घातलेल्या पाण्यात करडईचं तेल घुसळायचं आणि ड्रायरच्या गरम हवेत त्याचा फवारा सोडायचा. पाणी उडून जातं, तेलाच्या थेंबाथेंबावर पातळ कवच बसतं. हवा लागली नाही की तेल लवकर खवट होत नाही. मी केमिस्ट. हे सगळं फळ्यावर अर्धा तास समजावलं. आमचा ऑपरेटर तात्या, उंब्रजचा गडी, शांतपणे म्हणाला, "म्हंजे तेलाला घोंगडं पांघरायचं. येवढंच न्हवं?"

एवढंच होतं. पुन्हा मी खडू हातात घेतला नाही.

*

पहिल्या दिवशी मालकांसकट सगळे ड्रायरच्या तोंडाशी! उत्साहाच्या भरात मी पंप जोरात सोडला आणि आत काही नीट वाळलंच नाही. खाली पावडरीऐवजी पिठलं पडलं.

मालकांनी बोटाने चाखून पाहिलं आणि विचारलं, "भाकरी आणलीय का कोणी?"

*

पुढे जमलं. पांढरीशुभ्र, भुरभुरीत पावडर पडायला लागली तेव्हा मी अक्षरशः नाचलो. मग आला दसरा. दुसऱ्या दिवशी पावडर गुलाबी!

ड्रायर उघडला तर फवाऱ्याच्या तोटीला आतून हळद-कुंकू. पूजा करायची ती बाहेरून करावी, म्हणून मी तात्यावर खेकसलो. तो म्हणाला, "आवं सायेब, काम आतनंच करतंय न्हवं ते?"

*

आता शेवंताक्कांचा किस्सा.

पुण्याची एक सूपवाली कंपनी आमची पावडर घ्यायला तयार झाली. अट एकच, तीन महिने उकाड्यात ठेवूनही ती खवट होता कामा नये. मालकांनी सांगून टाकलं होतं की ही ऑर्डर हुकली तर ड्रायर विकायचा. म्हणजे मी आणि तात्या घरी.

लॅबमधला ओव्हन लाइट गेली की गार पडायचा. तात्याची बहीण शेवंताक्का जतला पत्र्याच्या घरात राहायच्या. जतचा उन्हाळा म्हणजे फुकटचा ओव्हन! तात्या फेब्रुवारीत बारा पिशव्या त्यांच्याकडे देऊन आला.

मे महिन्यात पुण्याचे साहेब आले. नुसत्या वासावर माल नापास करणारा माणूस. आम्ही जीपने जत गाठलं. अक्कांनी फडताळ उघडलं. आत एकच पिशवी, तीही फोडलेली.

"आक्का, ठिवायला दिल्या हुत्या गं," तात्या कसाबसा म्हणाला.

अक्कांना त्याचंच नवल वाटलं. भाऊ बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने येत नाही आणि दिलेलं परत मागत नाही, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी पावडर चटणीत घातली, भाकरीच्या पिठात मळली, वर चार घरांत वाटलीसुद्धा.

साहेबांनी उरलेली पिशवी नाकाशी धरली. बराच वेळ. मग चिमूटभर जिभेवर ठेवली आणि कधी वास आला होता का, असं अक्कांना विचारलं.

अक्का दुखावल्या. "खवाट आसती तर ह्याच्या दारात आणून टाकली आसती की. भाऊ आसला म्हून काय झालं?"

एव्हाना जीप पाहून शेजारणी वाट्या घेऊन दारात उभ्या होत्या.

साहेबांनी फॉर्म काढला, 'पास' असा शेरा लिहिला आणि तपासणाऱ्याच्या सहीचा रकाना दाखवून पेन अक्कांच्या हातात दिलं. तात्याने माझा दंड घट्ट धरला. अक्कांनी एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं, पेन परत केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फुडच्या खेपंला वाईच मीठ घाला."