सारजाबाईच्या घरचं कार्य

"वहिनी, माझ्या घरी कार्य हाय. पत्रिका छापायच्यात."

सारजाबाई हे म्हणाली तेव्हा ऐन लग्नसराई होती आणि माझं डोकं फिरलेलं होतं. मी प्रमोदिनी. गुलमंडीवरची ही प्रेस माझ्या सासऱ्यांनी पोलीस ॲक्शननंतर काढली, आणि नवरा गेल्यावर ती माझ्या गळ्यात पडली. मी तोंडाची फटकळ, हे अख्ख्या गुलमंडीला ठाऊक आहे. कौतुक करणं मला फारसं जमत नाही. तरी या बाईबद्दल लिहायला बसले आहे, यावरून काय ते समजा.

सारजाबाई पदमपुऱ्यातल्या एका बालवाडीची बाई. धाकट्या भावंडांना घेऊन देवगाव रंगारीहून शहरात आली. त्यांची लग्नं लावता लावता तिचं स्वतःचं राहून गेलं. भावंडं पांगली, ही एका खोलीत एकटी राहिली. चाळिशी उलटून गेलेली. मला वाटलं, उशिरा का होईना, भेटला कुणीतरी शहाणा! मी लगबगीनं कागद ओढला आणि म्हटलं, "वराचं नाव सांगा."

"वर नाय वहिनी. मी शिकायला चाललेय."

मग तिनं सगळं सांगितलं. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेनं ठराव केला होता. वर्षभरात बालशिक्षणाची पदविका मिळवली तर शिक्षिका म्हणून ठेवणार, नाहीतर सारजाबाई मदतनीस. म्हणजे सतरंज्या झटकायच्या, नाकं पुसायची, आणि ज्या खोलीत इतकी वर्षं पोरांना गाणी शिकवली तिथं दुसरीच कुणी शिकवत असताना दाराशी बसायचं. फी संस्था देणार होती, पण पास झाल्यावर. आधी भरायची ती कुठून, हे ठरावात नव्हतं. ठराव करणाऱ्यांना असले प्रश्न पडत नाहीत.

"पण सारजाबाई, पत्रिका छापून आहेर घ्यायचा म्हणजे हे मागणंच झालं की," मी बोलून गेले.

ती रागावली नाही. "मागणं कसं? आमच्या गल्लीत आल्यापास्नं एक लगीन चुकवलं नाय मी, एक बारसं चुकवलं नाय. हातात असो नसो, आहेर केला. केलेला आहेर आपल्या घरी कार्य निघालं की माघारी येतो. सगळ्यांच्या घरी निघालं. माझ्या घरी कवा निघायचं? म्हणून मीच काढलं."

मला आयुष्यात कधी असं सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी धाडस झालं नसतं.

मजकूर आम्ही दोघींनी मिळून केला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून कु. सारजाबाई यांचा पदविका-प्रवेश समारंभ योजिला आहे, तरी सहकुटुंब सहपरिवार येऊन आशीर्वाद द्यावेत.' प्रूफ मी वाचलं, तिनं वाचलं, आणि ते कडूबाकडे गेलं.

कडूबा सासऱ्यांच्या वेळेपासून खिळे जुळवणारा. गेल्या काही वर्षांत बड्या घरांमध्ये पत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापायची टूम निघाली होती. दर वेळी कोण जुळवत बसणार, म्हणून कडूबानं ती ओळ दोऱ्यानं बांधून तयारच ठेवली होती. त्या दिवशी मशीनवर चढवताना हात सवयीनं तिकडं गेला आणि सारजाबाईच्या सगळ्या पत्रिकांच्या तळाशी ती ओळ जाऊन बसली. प्रूफ पास झालेलं, म्हणून गठ्ठा कुणी उलगडून पाहिला नाही. तिनं अक्षता-कुंकू घेऊन घरोघर पत्रिका वाटल्या. शेवटी गल्लीतल्या एका पोरीनं मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा तिला कळलं.

पत्रिका हातात घेऊन ती प्रेसमध्ये आली. मी ओळ पाहिली आणि कडूबाला असं काही झोडपलं की रस्त्यावरची माणसं थांबली. तो बिचारा खाली मान घालून, "चुकलं माझं, सारजाबाई, लई चुकलं," एवढंच पुटपुटत होता.

"मी लगेच चिठ्ठ्या छापते," मी म्हटलं. "चूक झाली म्हणून घरोघर वाटू."

"नगं वहिनी." ती स्टुलावर टेकली. चेहरा उतरला होता, पण आवाज ठीक होता. "आता दारोदार जाऊन 'आहेर आणा' म्हणू? ते मातर मागणं व्हईल. बोलावलंय, तर येऊ द्या लोकांना. जेवून जातील."

"आणि फी?"

"नाय भरली तर सतरंज्या झटकीन."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. कडूबावरचा राग केव्हाच ओसरला होता. माझ्या डोळ्यांपुढून ती दाराशी बसलेली बाई हलेना.

समारंभ बालवाडीच्या अंगणात होता. छोटा मांडव, लापशी, वांग्याची भाजी, वरण-भात. किराणा तिनं उधारीवर आणला होता. नवीन लुगडं नेसून ती दाराशी उभी होती आणि येईल त्या बाईला हळद-कुंकू लावत होती. संस्थेच्या बाया आधी आल्या. एकेक गुलाबाचं फूल देऊन, "आहेर नको म्हणालात, फार छान विचार," असं कौतुक करून पुढं बसल्या. मला त्यांना मांडवाबाहेर काढावंसं वाटलं. गल्लीतल्या बायाही आल्या, पण त्यांचेही हात रिकामे. माझं पाकीट पर्समध्ये होतं. पण माझ्याच प्रेसनं छापलेली ओळ मोडून पहिलं पाकीट मी कसं द्यायचं, ते सुचेना. मी आपली पर्सची चेन उघडत-लावत बसले.

मग आवडाबाई आली. ही गल्लीतली सगळ्यात थोरली, भाजीची गाडी लावणारी. हळद-कुंकू लावून घेतलं आणि कमरेचं पाकीट काढून तिनं सारजाबाईच्या हातात कोंबलं.

सारजाबाई मागं सरली. "अवो, पत्रिकेवर काय लिव्हलंय, ऐकलं नाय का?"

"ऐकलं की. नातीनं वाचून दावलं." आवडाबाईचा आवाज मांडवभर जाईल असा. "माझ्या थोरलीच्या पत्रिकेवर बी हेच छापलं हुतं. जावायाकडची माणसं मोठी, त्यांनी छापाया लावलं. तवा तू ऐकलं हुतं का? कापडाची घडी आन् वर पाकीट, दोन्ही घिऊन आली हुतीस. मी नगं म्हनलं तर माझ्यावरच रुसलीस!"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या बारशाला बी!" आणि मांडवात एकच गलका उडाला. कुणी कमरेतून, कुणी पदराच्या गाठीतून, कुणी झंपरातून पाकिटं काढली. आणली सगळ्यांनीच होती. पहिलं कोण काढतं, याची वाट पाहत बसल्या होत्या बाया! मी उठले आणि चक्क रांगेत उभी राहिले. गुलाबाची फुलं घेऊन बसलेल्या बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. सारजाबाई कुंकवाचा करंडा हातात धरून रडत होती आणि रडता रडता एकेकीला लावत होती. त्यामुळं कुणाचं कुंकू सरळ लागलं नाही.

फी भरली गेली आणि किराण्याची उधारीही फिटली. जूनमध्ये एकदा वाटेत भेटली, तेव्हा माझ्या फटकळ तोंडानं विचारलंच, "नापास झालात तर हो?"

"येवढ्यांनी आहेर केल्यावर?" ती म्हणाली. "आता नापास व्हायची सोय कुठं राह्यली वहिनी!"

वर्षभर ती सकाळी शिकवायची आणि दुपारी शिकायची. पाठाची चित्रं कापायला गल्लीनं जुनी कॅलेंडरं पुरवली.

निकालाच्या दिवशी प्रमाणपत्र घेऊन ती सगळ्यात आधी प्रेसमध्ये आली. कडूबाला नमस्कार केला, तेव्हा तो खिळ्यांच्या पेटीमागं जाऊन डोळे पुसत बसला. मग ती पदमपुऱ्यात निघाली आणि मीही प्रेस कडूबावर टाकून तिच्या मागं गेले. जिनं जिनं आहेर केला होता तिच्या दारात सारजाबाई थांबत होती आणि प्रमाणपत्र त्या बाईच्या हातात देत होती. घाई अशी नव्हतीच.

आवडाबाई गाडीवर मेथी लावत होती. तिनं दोन्ही हात पदराला कोरडे पुसले, मगच प्रमाणपत्र घेतलं. वाचता येत नसतानाही वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. मग मान वळवून तिनं घरात हाक मारली, "अगं ए सूनबाई, भायेर ये! आपुन पास झालो!"