चार फूट दोन इंच

तिकीट खिडकीची फणसाची चौकट. दोन बाकं. नावाच्या फलकावरची तिन्ही भाषांतली अक्षरं. आणि फलाटाच्या टोकाला चिऱ्याचा कट्टा, उंची चार फूट दोन इंच... आमच्या गावच्या छोट्या स्टेशनवर माझ्या हातचं एवढं आहे. कोणाकडे शिकायला गेलो नाही. ओळंबा आणि डोळे, बस.

स्टेशन झालं तेव्हा मी पंचविशीत होतो. आमच्या काजूच्या बागेतून रूळ गेले, आणि बांधकामात उरलेल्या चिऱ्यांचा मी हा कट्टा बांधला. शेवंतीकाकीसाठी. मासे घेऊन गाडीला यायची, पण डोक्यावरची पाटी उतरवायला दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागायची. तिच्या खांद्याचं माप घेतलं. पाटी कट्ट्यावर सरकवायची, गाडी आली की तिथूनच एकटीने डोक्यावर घ्यायची.

आता स्टेशनचं नूतनीकरण चाललंय. महिनाभर मी चौकटीचा जुना रंग खरवडतोय, पाठ पार गेलीय... परवा सकाळी बघतो तर कट्ट्याच्या वरच्या थरावर खडूची फुली. ठेकेदार म्हणाला, हे मोडायचं, इथे सेल्फी पॉइंट येणार.

मी तावातावाने त्याला कट्ट्याचा उपयोग सांगायला लागलो. तेवढ्यात काकी आलीच. म्हटलं, "काकी, दाखव गो ह्यांका."

काकी टाचा उंचावून उभी राहिली. पाटी कडेला अडली... पुन्हा अडली. शेवटी मीच हात दिला.

"कधीपासून गो ह्यां?"

"दोन वर्सां झाली, मेल्या. मी वाकलंय, तुझो कट्टो थंयच आसा."

"मगे सांगूक नाय माका?"

"तुका कोण सांगतलो? तुझां माप कधी चुकता काय!"

ठेकेदार मोठ्याने हसला. मला काही हसू आलं नाही.

काल फुलीसकट वरचा थर उतरवला, पातळ चिरा बसवला. बरोबर पाच इंच खाली. आज काकीने पाटी ठेवली, पदराने घाम पुसला. बरं झालं म्हणाली नाही... पण टाचा जमिनीवर होत्या.

दमलोय. उद्या दुसरा कोणी येऊन मोडेलही. ठेकेदाराने मला सांगितलं होतं, कट्टा तूच मोड, सेल्फी पॉइंटचं सगळं काम तुला. मी नको म्हटलं. पंच्याऐंशी हजार रुपये.