झाडूवालं मांजर

छापखाना नवऱ्याच्या नावावर असला तरी तो चालवायच्या वहिनी. गिऱ्हाइकं, कागदवाले, शेजारी, सगळेच त्यांना वहिनी म्हणत. आतल्या खोलीत शाई कालवायला एक कारागीर होता, नदीपलीकडून येऊन या शहरात स्थिरावलेल्या लोकांपैकी. पुढे कॉम्प्युटरवर बसायचा वहिनींचा धाकटा दीर. तिशी उलटलेला, डिझाइनमध्ये हुशार, पण जिभेला हाड नाही.

दिराच्या मोबाइलवर कुठल्याशा ग्रुपची चित्रं सारखी यायची. एक गुबगुबीत मांजर, हातात झाडू आणि खाली ओळ: ‘पलीकडचा कचरा पलीकडे’.

“भाऊजी, हे काय?”

“गंमत गं, वहिनी. जे खरंच असं बोलतात ना, त्यांचीच टिंगल आहे ही.”

वहिनींना ते पटलंही. पण काही दिवसांनी जेवताना तोच म्हणाला, “तसं मांजराचं काही चुकत नाही म्हणा.” वहिनींनी रोखून पाहिलं, तसा तो हसला. “लगेच अंगावर घेतेस! विनोद म्हणून कळत नाही तुला.”

नवऱ्याने ताटातून मानही वर केली नाही. “सोड गं. बोलतो नुसता.”

असं कितीदा झालं. रागावलं की थट्टा, सोडून दिलं की खरं. वहिनींना वाटू लागलं, आपलंच डोकं चालेनासं झालंय की काय!

मग एका सोमवारी कारागीर आला तो हातात एक स्टिकर घेऊन. दारावरून खरवडून काढलेला, कडा फाटलेल्या. तेच मांजर.

“आमच्या मजल्यावर चार दारं आहेत. हा फक्त आमच्याच दारावर होता,” तो म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणला. “वहिनी, ही नारिंगी शाई मी कालवलेली आहे. शुक्रवारी उरली होती ती.”

रविवारी छापखान्याची किल्ली दिराकडे होती. वहिनी तरातरा पुढे गेल्या.

“मी ग्रुपसाठी छापले,” दीर म्हणाला. “कुणी कुठे चिकटवले, मला काय माहीत? आणि स्टिकरच तर आहे!”

“मग यात हसायचं कुठे, ते त्याला समजावून सांगा. चला आत.”

दीर जागचा हलला नाही.

कारागिराने दुसरीकडे काम धरलं. वहिनींनी परोपरीने विनवलं. “तुमच्यावर राग नाही,” तो म्हणाला, “पण आता कुठलाही रंग कालवताना वाटेल, हा कशाला लागणार?”

वहिनींनी दिराकडून किल्ली काढून घेतली. त्यावर त्याने त्यांचंच चित्र करून ग्रुपवर टाकलं: फुगलेले गाल, कमरेला किल्ली, ‘विनोदबंदी खात्याच्या साहेबीणबाई’. लोक खिदळले. मग कुणीतरी खाली छापखान्याचा पत्ता टाकला. त्याखाली दुसऱ्या कुणी काडेपेटीचं चित्र.

दीर मोबाइल घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “गंमत करताहेत ते, वहिनी. घाबरू नकोस.”

“कशावरून?”

त्यांच्यातल्या एकालाही तो कधी भेटलेला नव्हता.

वहिनी पोलीस चौकीत गेल्या. तिथल्या शिपायाने मोबाइलवर चित्र वरखाली सरकवलं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबत विचारलं, “पण बाई, यात धमकी नक्की कुठेय?” वहिनी भयंकर चिडल्या. शेवटी टेबलावर हात आपटून त्यांनी तक्रार लिहून घ्यायला लावली.

अजून कुणी आलेलं नाही. दीर म्हणतो, मी ग्रुप सोडला. पण हेही तो हसत हसतच म्हणतो.