अर्धी गोळी

धाकटीला आजार निघाला त्या दिवशी घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरले. थोरलीचाही उतरला, पण तिचं कारण वेगळं होतं.

दोघी जावा. एकाच घरात, एकाच गॅसवर, गेली नऊ वर्षं. गेल्या दोन वर्षांत दोघींचंही वजन वाढलेलं. धाकटीचं अकरा किलोंनी, थोरलीचं चौदा. तोवर हा घरातला सामायिक विनोद होता. थोरलीचा नवरा म्हणायचा, "दोघी एकदम स्वयंपाकघरात शिरू नका गं, एकीला पाठमोरं बाहेर यावं लागेल." दोघी मिळून त्याच्यावर डाव उगारायच्या. निदान या एका बाबतीत जावाजावांत भांडण नव्हतं.

मग धाकटीचे केस गळायला लागले. दिवसभर पेंग येऊ लागली, भर उन्हाळ्यात ती पांघरूण मागू लागली. नवऱ्याने तिला डॉक्टरकडे नेलं, रक्त तपासलं, आणि थायरॉइडची ग्रंथी मंदावल्याचं निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बहुधा जन्मभर.

एका कागदाने घर बदललं. धाकटीचं वजन हे आता दुखणं झालं. थोरलीचं होतं तेच राहिलं.

"पोर आतून आजारी होती आणि आपण हसत होतो," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"आणि माझं, आई? माझंही वाढलंयच की."

"तुझं काय? तुझे हात चालतात, पाय चालतात, तोंड तर त्याहून चालतं. तुला काय धाड भरलीय?"

थोरलीला गणवेशांच्या कारखान्यात 'मास्तरीण' म्हणत. कापणीच्या टेबलावर बावीस वर्षं. चाळीस फुटी टेबलावर कापडाचे साठ थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने बाह्या, पाठी, कॉलर आखायच्या, आणि त्याच रेघेवरून विजेची सुरी फिरवायची. वरची रेघ दोन सुतांनी चुकली की खाली साठ बाह्या चुकतात. तिची चुकत नसे. टेबलापासून लांब बसलेला सुपरवायझर तिच्या रेघेकडे बघायलासुद्धा उठत नसे, एवढा तिचा हात होता.

पहाटे पाचला उठायचं, सहा माणसांचा डबा आणि जेवण करायचं, साडेआठला टेबलावर उभं राहायचं. जेवण उभ्याने, दहा मिनिटांत. दिवसभरात पाच चहा, दोन-दोन चमचे साखरेचे, आणि प्रत्येक चहाबरोबर बिस्किटं, कारण सुट्टी तेवढीच. रात्री सगळ्यांची पानं झाली की पातेल्यात उरलेला भात कुणी तरी संपवायला हवा. ते कुणी तरी म्हणजे ती. उरलेलं टाकवत नाही आणि उद्या शिळं कुणी खात नाही, म्हणून घरातलं शेवटचं भांडं तिच्या पोटात रिकामं होई. झोप जेमतेम पाच तास. पण यातलं काहीच कुठल्या कागदावर छापून येत नाही.

धाकटीला मात्र दुपारची झोप मिळाली. भांडी सुटली. भाऊजी संध्याकाळी तिच्यासाठी फळं आणू लागले. एकदा थोरलीने त्यातलं सफरचंद कापायला घेतलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते तिचं औषधपाणी आहे."

"सफरचंद कधीपासून औषध झालं?"

"आजारी माणसाचं सगळंच औषध असतं."

थोरलीने सफरचंद परत टोपलीत ठेवलं. मात्र दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत ती कोपऱ्यावरच्या तपासणी केंद्रात गेली आणि स्वतःचं रक्त देऊन आली. कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस ती जवळजवळ आनंदात होती. आपल्यालाही केस गळाल्यासारखे वाटतात, थकवा तर आहेच, पाय सुजतात. एकाच घरातलं पाणी, एकाच पातेल्यातलं अन्न. तिला होतं तर आपल्याला का नाही?

तिसऱ्या दिवशी खिडकीतल्या मुलीने कागद दिला आणि हसून म्हणाली, "सगळं नॉर्मल आहे हो काकू. काळजीचं काही नाही."

"नीट बघितलंस ना?"

"मशीन बघतं, काकू."

"मशीन चुकत नाही?"

मुलीने मागच्या माणसाचा नंबर पुकारला. निरोगी निघाल्यामुळे तोंड पाडून बाहेर पडलेली बाई त्या रांगेने बहुधा पहिल्यांदाच पाहिली असेल. थोरलीने कागदाचा बोळा केला आणि कारखान्यात चिंध्यांच्या पोत्यात टाकला.

आता गोळीची गोष्ट. ती अंथरुणातून उठायच्या आधी घ्यायची, नंतर अर्धा-पाऊण तास काही खायचं नाही. धाकटीला पहाटे जाग येत नसे. सासूबाईंनी फर्मान काढलं, "तू उठतेसच पाचला. तिला गोळी आणि पाणी तेवढं दे." म्हणजे पहाटे अंधारात, स्वतःच्या चहाआधी, जावेच्या उशाशी पाण्याचा पेला घेऊन उभं राहायचं. ती डोळे मिटूनच तळहात पुढे करी, गोळी तोंडात टाकी, पाणी पिई, कूस वळवून झोपे. "थँक्यू, ताई," एवढं पुटपुटे.

पंधरा दिवस थोरलीने हे केलं. सोळाव्या दिवशी बाटली उघडल्यावर ती थांबली. रक्त खोटं बोलू शकतं, पण गोळी लागू पडली तर? मग उघडच आहे, आपल्यालाही तेच आहे.

पूर्ण गोळी घेतली असती तर बाटली लवकर संपली असती आणि कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. थोरलीला मोजमाप शिकवायची गरज नव्हती. तिने पिशवीतलं धागे कापायचं पातं काढलं, डाळीएवढी ती पांढरी गोळी ओट्यावर ठेवली, बोटाने दाबली आणि बरोबर मधोमध चिरली. चुरासुद्धा पडला नाही. अर्धी धाकटीच्या तळहातावर, अर्धी स्वतःच्या जिभेखाली. अर्धी तर देतोयच की, असं तिने स्वतःला समजावलं. इतक्या वर्षांत या घरात आपल्याला कशातलंही अर्धं न मागता मिळालंय का?

दीड महिन्याने धाकटीची तपासणी झाली. आकडा जिथे यायला हवा तिथे आला नव्हता. डॉक्टरबाईंनी गोळीची ताकद वाढवली. थोरलीने ती नवी गोळीही चिरली.

घरातली हवा हळूहळू फिरली. धाकटीचं वजन तसूभर हललं नव्हतं. पहिल्यांदा भाऊजी कुरकुरले. मग सासूबाईंनी एका जेवणाला तोंड उघडलं, "गोळी चालू, आराम चालू, फळं चालू. मग उतरत का नाही? चोरून खातेस की काय गं?"

धाकटीचा घास हातात राहिला. "नाही हो आई."

"नाही म्हणजे? गोळीने सगळ्यांना गुण येतो. तुलाच कसा येत नाही?"

त्या दिवशी थोरलीला जेवण गोड लागलं. आपल्याला रोज ऐकावं लागणारं वाक्य दुसऱ्या कुणाला ऐकावं लागतंय, यात जे सुख आहे ते तिने दोन वेळा भात वाढून घेऊन साजरं केलं.

तिचं स्वतःचं वजन मात्र अडीच किलो उतरलं. तिला वाटलं, पुरावा मिळाला. छातीत धडधडे, जिना चढताना घाम फुटे, पण ते बारीक होण्याचं लक्षण असणार. मग एका मंगळवारी तिने परिचारिकांच्या गणवेशाची कॉलर आखायला घेतली आणि खडू थरथरला. तिने हात झटकला, पुन्हा टेकवला. रेघ तळ्यातल्या पाण्यासारखी हलली. सुरी आपल्याच रेघेवरून नेमकी फिरली, आणि साठ कॉलर एकाच जागी वाकड्या निघाल्या.

सुपरवायझर बावीस वर्षांत पहिल्यांदा उठून टेबलापाशी आला.

"मास्तरीणबाई, हे काय?"

"झोप झाली नाही."

"झोप घ्या मग. दोन दिवस शिलाईवर बसा. हात सरळ झाला की बघू." तो जाताना हळू म्हणाला, "बरं नाही का तुम्हाला?"

हा प्रश्न विचारणारं माणूस तिला कित्येक महिने हवं होतं. आता तो ऐकून ती खाली बघत वाकड्या कॉलर गोळा करू लागली.

तिने ठरवलं, उद्यापासून बंद. पूर्ण गोळी धाकटीला. कुणाला काही कळायची गरज नाही; तिलाही गुण येईल, आपलाही हात सुधारेल.

संध्याकाळी घरी आली तर धाकटी एकटीच स्वयंपाकघरात बसलेली. समोर नवी बाटली.

"आकडा अजून तिथेच आहे, ताई. डॉक्टर म्हणाल्या, इतक्या गोळीनेही फरक पडत नाही म्हणजे शरीर फारच आळशी आहे. आणखी वाढवलीय. पहिल्या गोळीच्या दुप्पट." ती ओशाळं हसली. "त्यांनीही विचारलं, गोळी नक्की घेताय ना? मी म्हटलं, आमच्या ताई स्वतःच्या हाताने देतात."

थोरलीने बाटली उचलली. हिशोब सोपा होता, रोजच्या कामातला. आतापर्यंत हिच्या पोटात अर्धं जात होतं. उद्या पूर्ण गेलं तर हिला लागतं त्याहून कितीतरी जास्त अंगावर येणार. अर्ध्याने आपला खडू हलला. हिचं काय हलेल? आणि चिरत राहिलो तर आपला हात गेला. गप्प राहून सुटायचा रस्ता नव्हता.

"ही घेऊ नकोस," ती म्हणाली.

"का?"

"अर्धी मी खात होते."

धाकटीला आधी कळलंच नाही. थोरलीने सगळं सांगितलं, पात्यासकट, चिंध्यांच्या पोत्यातल्या कागदासकट. सांगताना ती रडली नाही. धाकटीही नाही.

"तळहाताला अर्धी लागायची," धाकटी म्हणाली. "मला झोपेत वाटायचं, गोळीच एवढीशी असेल. तुम्ही देत होता, मी कशाला बघू?"



"पण कशासाठी, ताई? आजार काय मिरवायची वस्तू आहे?"

"तुला फळं मिळाली. झोप मिळाली. तुला कुणी खादाड म्हणेनासं झालं."

"आणि मला तुमचा हेवा वाटायचा," धाकटीचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुमचं वजन तुमच्या चहात आहे, तुमच्या भातात आहे. उद्या ठरवलंत तर सोडाल. मी काय सोडू? गळ्यातली ग्रंथी?"

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरबाईंसमोर बसल्या. बाईंनी आधी थोरलीला असं झापलं की बाहेरच्या बाकावरचे पेशंट गप्प झाले. मग तपासणी केंद्रातून थोरलीच्या कागदाची नक्कल मागवली आणि दोघींचे आकडे पुढे ओढले. धाकटीला म्हणाल्या, "गोळी आता पहिल्याच ताकदीची, पण अख्खी. आणि ऐका, या ग्रंथीने फार तर चार-पाच किलो चढवले असतील. बाकीचे तुमच्याही ताटातूनच आले." थोरलीला म्हणाल्या, "तुम्हाला आजार नाही. पाच तास झोप, गोड चहा आणि सगळ्यांचं उरलंसुरलं, एवढं कारण पुरतं. याला गोळी नाही."

"म्हणजे चूक माझीच."

"चूक म्हटलं नाही मी, कारण म्हटलं. पातेलं तुमच्यासमोर कोण ठेवतं, तेही घरी विचारा."

घरी कुणी काही विचारलं नाही, कारण धाकटीने कुणाला काही सांगितलं नाही. तेही थोरलीला सहन झालं नाही. आजार तिच्याकडे होता, आता मोठं मनही तिच्याचकडे निघालं.

चार दिवसांनी सासूबाई पहाटे पाणी प्यायला उठल्या. धाकटी ओट्यापाशी उभी राहून स्वतःच्या हाताने गोळी घेत होती. थोरली शेजारी डबे भरत होती.

"हे काय? आजारी माणसाने पहाटे उठायचं?" त्या थोरलीकडे वळल्या. "एवढीशी गोळी उशाशी नेऊन द्यायची, तेवढंही तुझ्याच्याने होईना?"

धाकटीने पेला खाली ठेवला आणि थोरलीकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात थोरलीचं सगळं उघडं पडलं असतं.

"नाही होत, आई," थोरली म्हणाली. "तिची गोळी माझ्या हातात नकोच."

सासूबाई पुटपुटत आत गेल्या.  धाकटीने थोरलीच्या पुढ्यातला एक डबा ओढला आणि भरायला लागली.